व्हॉट्सॅपला २१३ कोटींचा दंड, आणि आपण दाबलेलं ते 'मान्य'

चिंचगूळ

जानेवारी २०२१ आठवतोय का? व्हॉट्सॅप उघडलं की समोर नोटीस, नवीन अटी मान्य करा, ८ फेब्रुवारीच्या आत, नाहीतर अकाउंट विसरा. मग जी काय पळापळ झाली, इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' एवढंच ट्विट टाकलं, निम्मी जनता सिग्नलवर, उरलेली टेलिग्रामवर, आणि थोड्याच दिवसांत सगळे मुकाट परत, कारण सिग्नलवर जाऊन बोलणार कोणाशी, तिथे आयटीतले दोन भाचे सोडले तर चिटपाखरू नव्हतं. कंपनीने मुदत १५ मेपर्यंत वाढवली, लोक थंड झाले.

पण प्रकरण चालूच राहिलं. स्पर्धा आयोगाने म्हणजे सीसीआयने मार्च २०२१ मध्ये स्वतःहून चौकशी लावली. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, हरली, मोठ्या पीठापुढे गेली, तिथेही हरली, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही चौकशी थांबवायला नकार दिला. १८ नोव्हेंबर २०२४ ला आयोगाने मेटाला, म्हणजे व्हॉट्सॅपच्या मालक कंपनीला (आधीचं नाव फेसबुक), २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोकला आणि वर सांगितलं की पाच वर्षं व्हॉट्सॅपवरची माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये अपिलात त्या बंदीला स्थगिती मिळाली, निम्मा दंड भरायच्या अटीवर. आणि ४ नोव्हेंबर २०२५ ला एनसीएलएटीचा म्हणजे कंपन्यांच्या अपील लवादाचा निकाल आला: दंड कायम, पाच वर्षांची बंदी रद्द. पेपरात एक दिवस छापून आलं आणि गायब.

मला रकमेपेक्षा त्यातला एक मुद्दा फार मोठा वाटतो म्हणून हा धागा. ज्या सेवेशिवाय लोकांचं पान हलत नाही तिने 'घ्या नाहीतर चालू पडा' म्हणून मिळवलेली संमती ही संमतीच नाही, तो मक्तेदारीचा गैरवापर आहे, हे आयोगाने म्हटलं आणि अपिलातही टिकलं. आपल्याकडे हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा कोणीतरी कागदावर आणलंय असं मला वाटतं. २०१६ मध्ये फेसबुकशी माहिती वाटून घ्यायचं सुरू झालं तेव्हा निदान जुन्या लोकांना ३० दिवस एक टिक काढून टाकायची सोय होती. २०२१ मध्ये तीही गेली. आणि त्याआधी, २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॅप विकत घेताना फेसबुकने युरोपला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप खात्रीशीर जुळवणं आम्हाला जमणार नाही. जमत होतं. त्या चुकीच्या माहितीबद्दल २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड झाला. असा इतिहास असलेली कंपनी 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हणते तेव्हा तुम्ही काय करता? मी मान्य दाबलं. आमच्या सोसायटीत टँकर कधी येणार ते फक्त ग्रुपवर कळतं आणि मुलाच्या शाळेचा गृहपाठही, तर मी दुसरं काय दाबणार होते.

तुमची मतं लिहा. 'मग वापरू नका' हे मत आधीच नोंदवून घेतलंय, परत नको.

बोरीबंदर

जरा हिशोब करतो. मेटाची २०२४ ची कमाई साधारण १६४ अब्ज डॉलर. २१३ कोटी रुपये म्हणजे अडीच कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे साधारण एक तास वीस मिनिटांची कमाई. झुकरबर्गसाहेब जेवायला जाऊन येईपर्यंत दंड वसूल. दुसरीकडून बघायचं तर भारतात व्हॉट्सॅप वापरणारे ५० कोटी धरले तर माणशी सव्वाचार रुपये, आणि तेही तुमच्याआमच्या खिशात नाही, सरकारी तिजोरीत.

याला शिक्षा म्हणायचं का पार्किंगची पावती?

नाना_सातारकर

मला या वयात एक कळत नाही, माझ्या मेसेजमध्ये त्यांना मिळणार काय? सकाळी सुप्रभात, दुपारी नातवाचा फोटो, रात्री गुडघेदुखीवरचे उपाय. वाचू देत की. लपवण्यासारखं काही केलेलंच नाही आयुष्यात, पेन्शनर माणूस आहे मी.

टंकनिका

नाना, वाचत नाहीतच ते. इथेच सगळ्यांची गल्लत होते, आणि २०२१ मध्येही लोक चुकीच्या गोष्टीला घाबरले आणि बरोबर गोष्ट सोडून दिली. मेसेजमधला मजकूर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे तुमच्या फोनवर कुलूप लागतं ते समोरच्याच्या फोनवर उघडतं, मधे मेटालाही वाचता येत नाही. सिग्नलवाल्यांचंच तंत्र आहे ते.

पण पाकीट बंद असलं तरी पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच ना. तुम्ही कोणाशी बोलता, किती वाजता, किती वेळा, कुठल्या फोनवरून, कुठल्या आयपीवरून म्हणजे ढोबळमानाने कुठल्या गावातून, कुठल्या ग्रुपात आहात, ग्रुपचं नाव काय, फोटो कुठला लावलाय. गुडघेदुखीबद्दल तुम्ही काय लिहिलंत ते नको असतं. तुम्ही एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या बिझनेस अकाउंटला तीनदा मेसेज केला, मग एका लॅबला केला, मग मुलाला रात्री अकरा वाजता फोन केलात, एवढं पुरतं. आणि बिझनेस अकाउंटशी बोलताना तर प्रकरण वेगळंच, कारण समोरची कंपनी ते संभाषण साठवायला आणि उत्तरं द्यायला मेटाचीच किंवा तिसऱ्याच कोणाची सेवा वापरत असू शकते. २०२१ च्या अटींचा मोठा भाग याच बिझनेस चॅटबद्दल होता आणि लोक मात्र 'घरच्या ग्रुपवरचे फोटो बघतात' म्हणून बोंब मारत होते, कंपनीला बरंच झालं, त्यांनी पानभर जाहिराती दिल्या की तुमचे खाजगी मेसेज आम्ही वाचत नाही. जे खरंच होतं. फक्त प्रश्न तो नव्हता.

अजून एक भोक आहे जे बहुतेकांचं आजही उघडं असेल. चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो तो या कुलपाच्या बाहेर असतो, जोपर्यंत तुम्ही स्वतः सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप मध्ये जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करत नाही. २०२१ पासून सोय आहे. आपोआप चालू होत नाही.

नाना_सातारकर

टंकनिकाताई, अस्थिरोगतज्ज्ञाचं तुम्हाला कसं कळलं?

टंकनिका

=)) नाना मी अंदाजाने लिहिलं!

नाना_सातारकर

तेच म्हणतोय. तुम्हाला नुसत्या अंदाजाने जमलं तर त्यांच्याकडे तर सगळी नोंद आहे. बरं ते बॅकअपचं करतो, पासवर्ड मागतंय.

टंकनिका

तो पासवर्ड हरवला तर मेटासुद्धा परत देऊ शकत नाही, सगळे जुने चॅट गेले समजा. आता पासकीने म्हणजे बोट किंवा चेहरा लावूनही करता येतं असं २०२५ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर झालंय, तुमच्याकडे आलं असेल तर तेच करा. पासवर्ड ठेवलात तर कागदावर लिहून कपाटात. स्वतःलाच व्हॉट्सॅप करून ठेवू नका, लोक करतात.

जिरेसाळ

मी एरवी फक्त वाचतो इथं, पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, तहसीलच्या समोर. तुम्ही मेटा मेटा करताय, माझ्या काऊंटरवर येऊन बघा काय चालतं ते.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं आधार काढायचंय, नंबर सांगा पाठवतो. नंबर काचेवरच चिकटवलाय मोठ्या आकड्यात. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॅप वेब उघडंच असतं दिवसभर. धडाधड येत राहतं: आधार पुढून मागून, पॅन, सातबारा, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला, हॉस्पिटलची फाईल. नाव कोणाचंच सेव्ह नाही त्यामुळं मी विचारतो शेवटचे आकडे काय, तो मोठ्यांदा सांगतो, मी डाऊनलोड करतो, प्रिंट देतो, पाच रुपये घेतो, पुढचा. फाईल डाऊनलोड्स फोल्डरमध्ये तशीच. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले तेव्हा तर रांग रस्त्यापर्यंत, बायका मोबाईल माझ्या हातात देऊन 'दादा तूच बघ कुठला फोटो ते' म्हणायच्या, ओटीपी आला की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचून दाखवायच्या. मी कोण? माझ्याकडं कुठला लायसन नाही की कोणी तपासायला येत नाही. मी रोज दुकान बंद करताना सगळं उडवतो आणि दुकानाच्या नंबरवर चोवीस तासात मेसेज जाण्याचं लावून ठेवलंय. पण ते माझ्या मनानं. माझ्या शेजारच्याच्या कॉम्प्युटरवर तीन वर्षांचं गाव आहे, तो म्हणतो असू दे, परत आला माणूस तर परत मागायला नको.

लोकांना मेटाचा विश्वास नाही आणि माझा आहे असं काही नाही हो. लोकांना घाई आहे, चार वाजता खिडकी बंद होते तहसीलची.

मध्यरात्रीचा_चहा

जबरदस्त प्रतिसाद जिरेसाळ. लिहीत जा राव.

यावरून आठवलं, मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या म्हणजे यूआयडीएआयच्या बंगळूरच्या ऑफिसने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि सायबर कॅफेत डाऊनलोड केलंत तर तिथली प्रत उडवा. अगदी शहाणपणाचा सल्ला. दोन दिवसांत वरून फर्मान, पत्रक मागे, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. लोक अर्थ बरोबरच काढत होते.

मास्क्ड आधारची सोय मात्र आहे अजून, वेबसाईटवरून डाऊनलोड करताना एक टिक करायची असते. घेतं का कोणी ते?

जिरेसाळ

घेत नाही. तहसीलमध्ये नाही, बँकेत नाही, लॉजवर पण नाही. परत माझ्याकडंच पाठवतात, पूर्ण आकडे दिसणारं आणा म्हणून. माझे पाच रुपये वाढतात एवढंच.

कोकणकडा

इथे मेटाला झोडपणं सोपं आहे, सरकारचं काय ते बोला. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने दोन आदेश काढले. एक, प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये सरकारचं संचार साथी अ‍ॅप कंपनीनेच भरून द्यायचं, जुन्यात अपडेटमधून घालायचं. बोंबाबोंब झाली, दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले काढून टाकता येतं की, पण आदेशात तर लिहिलं होतं की बंद करता येता कामा नये. ३ डिसेंबरला आदेश मागे. हे पाच दिवसांत झालं आणि व्हॉट्सॅपच्या अटींना पाच वर्षं लागली हे पण लक्षात घ्या, ओरडा झाला तर फरक पडतो.

दुसरा आदेश मात्र तेव्हा मागे घेतला नाही: ज्या सिमवर अकाउंट ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय व्हॉट्सॅप, सिग्नल, टेलिग्राम चालता कामा नये, आणि वेबवर दर सहा तासांनी लॉगआउट. जिरेसाळ, तुमचं दिवसभर उघडं व्हॉट्सॅप वेब गेलं बघा. कारण दिलंय सायबर फसवणुकीचं, ते खरंही आहे, डिजिटल अरेस्टवाले परदेशात बसून आपले नंबर वापरतात. पण एकेक करत फोन नंबर, आधार, चॅट, सगळं एका दोरीत ओवलं जातंय आणि दोरीचं टोक कोणाच्या हातात राहणार हे कोणी विचारत नाही.

आणि २०१९ विसरू नका. पेगॅसस, फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ कंपनीने व्हॉट्सॅप कॉलच्या फटीतून जगभरात सुमारे १४०० फोनांवर घुसायचा प्रयत्न केला, त्यात आपल्याकडचे पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते, भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित लोकही होते. एनएसओ म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो. तेव्हा कोर्टात कोण गेलं? व्हॉट्सॅप गेलं. अमेरिकेतल्या कोर्टात २०२५ मध्ये जिंकलं, आधी १६ कोटी ८० लाख डॉलर नुकसानभरपाई, मग जजने ती ४० लाखांवर आणली पण एनएसओला व्हॉट्सॅपवर हल्ले करायला कायमची मनाई केली. म्हणून म्हणतो, कंपनी चोर आणि सरकार राखणदार एवढं सरळ नाहीये हे.

बोरीबंदर

कंपनी गेली कारण तिचा धंदा बुडाला असता. परोपकार नव्हे.

कोकणकडा

मग? माझ्या चॅटचं राखण धंद्यापायी झालं तरी मला चालेल. २०२१ च्या आयटी नियमात सरकारने मागितलं की मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे, व्हॉट्सॅप दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर आम्ही निघालो. एवढ्या मोठ्या बाजाराला राम राम ठोकायची भाषा कोणी उगाच करत नाही.

चिंचगूळ

कोकणकडा, मला दोन्हीची राखण हवीय आणि दोघांपासूनही. मेसेजच्या आतलं सरकारपासून वाचवतात म्हणून बाहेरचं स्वतः जाहिरातींना वापरावं असा सौदा मी केलेला नाही. किंवा केलाय, मान्य दाबून, तोच तर वाद आहे. कोणी वकील आहे का इथे? नवा डेटा कायदा यात काय म्हणतो?

अर्जदार_तर्फे

आहे. थोडक्यात जमणार नाही, सांभाळून घ्या.

२४ ऑगस्ट २०१७, सुप्रीम कोर्टाचं नऊ न्यायाधीशांचं पीठ, पुट्टस्वामी निकाल: खाजगीपणा हा मूलभूत हक्क. त्याच सुमारास नेमलेली न्या. श्रीकृष्ण समिती, आपल्याला ९२-९३ च्या दंगलींच्या आयोगामुळे माहीत असलेले तेच. २०१८ मध्ये त्यांनी अहवाल आणि मसुदा दिला. सरकारने २०१९ मध्ये जे विधेयक आणलं त्यात सरकारी यंत्रणांना इतकी सूट होती की श्रीकृष्णांनीच जाहीर टीका केली. ते मागे घेतलं, नवीन आणलं, ऑगस्ट २०२३ मध्ये डीपीडीपी म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातही मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिने, म्हणजे मे २०२७. पुट्टस्वामीपासून मोजा, जवळजवळ दहा वर्षं.

चिंचगूळ, तुमच्या मुद्द्याचं यात एक चांगलं कलम आहे, सहावं. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी, समजून-उमजून, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ज्या कामासाठी माहिती घेतली त्याला लागेल तेवढ्यापुरतीच. कायद्यात उदाहरणच दिलंय: ऑनलाईन डॉक्टरचं अ‍ॅप सल्ल्यासाठी संमती मागतं आणि बरोबर फोनमधले सगळे काँटॅक्ट मागतं, बाईंनी दोन्हीला हो म्हटलं, तरी काँटॅक्टची संमती धरायचीच नाही कारण डॉक्टरी सल्ल्याला काँटॅक्ट लागत नाहीत. हे नीट राबवलं तर 'घ्या नाहीतर चालू पडा' संपलं. राबवणारं मंडळ मात्र सरकारच नेमणार, दंड कमाल २५० कोटी, ज्यात मेटासाठी फार काही बदलत नाही हे बोरीबंदर यांनी वर दाखवलंच आहे.

आता वाईट भाग. एक, केंद्र सरकार ठरवेल त्या यंत्रणेला पूर्ण सूट मिळू शकते. दोन, ज्याची माहिती फुटली त्याला दमडी नाही. आधी आयटी कायद्याच्या ४३-अ खाली नुकसानभरपाई मागता यायची, डीपीडीपीने ते कलमच काढून टाकायची तरतूद केलीय. उलट तुम्ही खोटी तक्रार केलीत तर तुम्हाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. तीन, माहिती अधिकाराच्या ८(१)(जे) मध्ये बदल. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा मोठं जनहित असेल तर द्यावी असं त्याच कलमात होतं. आता सरसकट नकार देता येतो, जनहिताचा आधार घ्यायचा तर दुसऱ्या कलमाच्या म्हणजे ८(२) च्या आडोशाने भांडायचं. हा बदल मात्र अठरा महिने थांबला नाही, तो लगेच लागू झाला. कशाची घाई होती ते ओळखा.

रानमेवा

हे माहिती अधिकाराचं लोकांना अजून कळलेलंच नाहीये. आमच्या गावात घरकुलाच्या यादीत माडीवाले लोक होते, हे यादी मागवूनच कळलं, नावं आणि गट नंबर लावून. आता ग्रामसेवक म्हणेल वैयक्तिक माहिती, देत नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, राळेगणच्या अण्णा हजारेंच्या उपोषणांचा त्यात वाटा होता, आणि आता त्याच हक्काला प्रायव्हसीच्या नावाने कुलूप. प्रायव्हसी आम्हाला कंपनीपासून पाहिजे होती, सरपंचाला आमच्यापासून नव्हती पाहिजे.

मध्यरात्रीचा_चहा

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

श्टुटगार्टची_सून

जर्मनीतून लिहितेय. इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका, पण फरक आहे. २०२१ च्या त्याच अटी आल्या तेव्हा व्हॉट्सॅपने युरोपसाठी वेगळं सांगितलं होतं की इथली माहिती फेसबुकच्या जाहिरातींसाठी वापरत नाही. तेच अ‍ॅप, तीच कंपनी. इथे २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड, आणि ते नुसतं कागदावर नाही: २०२१ मध्ये आयर्लंडने व्हॉट्सॅपलाच २२ कोटी ५० लाख युरो लावले, २०२३ मध्ये मेटाला १२० कोटी युरो. एप्रिल २०२५ मध्ये 'पैसे भरा नाहीतर जाहिरातींसाठी माहिती द्या' या योजनेवरून अजून २० कोटी, ते मात्र डीएमए म्हणजे डिजिटल बाजारांच्या नव्या कायद्याखाली. आणि आता त्याच डीएमएमुळे दुसऱ्या अ‍ॅपवरून व्हॉट्सॅपवर मेसेज करता यायला लागलंय, २०२५ अखेर तरी दोनच फुटकळ अ‍ॅप आहेत, नावंही कोणाला माहीत नसतील, पण दार तर उघडलं. चिंचगूळताई, तुमच्या टँकरच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला हेच वाटतं. तुम्ही सिग्नलवरून सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपशी बोलू शकलात तर मान्य दाबायची सक्ती उरत नाही. एअरटेलवरून जिओला फोन लागतोच की.

आमच्या राज्यात शिक्षकांना शाळेच्या कामासाठी व्हॉट्सॅप वापरायला मनाई आहे. अर्थात पालकांचा ग्रुप व्हॉट्सॅपवरच आहे आणि त्यात कोणी डबा विसरला याच्यावर रोज तीस मेसेज. माणसं सगळीकडे सारखीच.

बोरीबंदर

हे फोनचं उदाहरण पटलं. आपल्याकडेही असा कायदा येणार होता, डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालून देणारा, आणि मग बासनात. आणि दंड जगभरच्या उलाढालीवर लावायची सुधारणा स्पर्धा कायद्यात झालीय तर अ‍ॅपल तिच्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय, म्हणतंय आम्हाला ३८ अब्ज डॉलरपर्यंत बसू शकतो. तिथे मात्र पार्किंगची पावती म्हणून हसता येत नाही ना. म्हणजे आकडा लागला की कळ येते.

दगडी_चाळ_२

उलट बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून मांडतो. माझी बायको घरून दिवाळीचा फराळ आणि मसाले विकते. दुकान नाही, वेबसाईट नाही, आहे तो व्हॉट्सॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टावरची जाहिरात, दोनशे तीनशे रुपये लावले की आसपासच्या ज्या बायकांना भाजणी हवीय त्यांच्याच समोर जाते. हे कसं होतं? त्याच माहितीवर होतं ज्याला तुम्ही शिव्या घालताय. ती बंद झाली तर मोठ्या ब्रँडला टीव्हीवर जाहिरात परवडते, आमचं काय? पाच वर्षांची बंदी उठली ते मला बरंच वाटलं.

चिंचगूळ

हे खरंय आणि यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही. पण वहिनींची जाहिरात इन्स्टावर कोण काय बघतं त्यावरून जात असणार, तिथे लोक जाहिराती बघायलाच आल्यासारखे असतात. व्हॉट्सॅपवर मी कोणाशी बोलते ते त्यात घालायला नको एवढंच म्हणणं. आणि हवं असेल त्याने हो म्हणावं की, मी नाही म्हटलं तर माझा टँकर बंद होऊ नये.

दगडी_चाळ_२

विचारलं तर सगळे नाहीच म्हणतात हो. आयफोनने 'या अ‍ॅपला मागोवा घेऊ द्यायचा का' विचारायला सुरुवात केली २०२१ मध्ये, मेटानेच सांगितलं की २०२२ मध्ये दहा अब्ज डॉलरचा फटका बसेल.

टंकनिका

दगडी_चाळ, तुम्ही आत्ताच चिंचगूळच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा दिलात. साधं सरळ विचारलं तर लोक नाही म्हणतात, म्हणून सरळ विचारत नाहीत.

जिरेसाळ

वकीलसाहेब एक शंका. तो २५० कोटीवाला कायदा माझ्यासारख्याला पण लागतो का? दुकानाची दिवसाची गल्ला सांगू का तुम्हाला.

अर्जदार_तर्फे

=)) सांगू नका. कायद्यात छोटा-मोठा असा फरक मुळात नाही. दुसऱ्याची माहिती डिजिटल स्वरूपात हाताळणारा आणि ती कशासाठी, कशी हाताळायची हे ठरवणारा कोणीही त्यात येतो. घरगुती वापराला सूट आहे, दुकानाला नाही. तुम्ही नुसतं गिऱ्हाईकाने सांगितलेलं प्रिंट मारून देता असा बचाव करता येईल, पण शेजाऱ्यासारखी तीन वर्षं फायली ठेवल्या तर तो बचाव लंगडा पडेल. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि त्या माणसावर होणारा परिणाम बघायचा असं कलम आहे, आणि काही वर्गांना काही तरतुदींतून सूट द्यायचा अधिकार सरकारकडे आहे. त्यामुळे २५० कोटींची नोटीस येणार नाही. मे २०२७ पर्यंत वेळ आहे. तुम्ही रोज उडवता तेच चालू ठेवा, आणि दुकानात एक पाटी लावा की फाईल कशासाठी घेतो, कधी उडवतो, कोणाला विचारायचं.

जिरेसाळ

पाटी लावतो. मजकूर द्या कोणीतरी, लॅमिनेशन घरचंच आहे.

चिंचगूळ

'आधार पाठवताना शक्य असेल तिथे मास्क्ड पाठवा. तुमची फाईल फक्त प्रिंटसाठी वापरली जाते. प्रिंट मिळाल्यावर फाईल डिलीट झालेली स्वतः बघून घ्या. ओटीपी मोठ्याने सांगू नका.'

नाना_सातारकर

ओटीपीचं वाक्य सगळ्यात वर घ्या आणि मोठ्या अक्षरात. खालपर्यंत कोणी वाचत नाही.